टेक्नोचा ताल आणि त्याच्या जागा

टेक्नो म्हणजे धनिक तरुणांच्या रात्रीचा धांगडधिंगा, अशी समजूत आपल्याकडील संगीतप्रेमी वर्तुळांत रूढ आहे. हे संगीत कोठे व कोणत्या परिस्थितीत जन्मले, हे पाहिले तर ती समजूत टिकत नाही.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख लोक राहत. २०२० च्या शिरगणतीत ही संख्या साडेसहा लाखांच्याही खाली आली. कारखाने गेले; जे उरले, त्यांत कामगाराच्या जागी यंत्रमानव आले. या पडझडीच्या काळात, १९८० नंतर, नजीकच्या बेलव्हिलमधील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी टेक्नो घडविले. त्यांची हत्यारे होती ताल व सूर निर्माण करणारी विजेची यंत्रे. तिकडे शिकागोतील तरुणांच्या हाती आलेले रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र तर वास्तविक बास गिटार वाजविणाऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी बनलेले. बाजारात ते पडले आणि जुन्या मालात स्वस्तात मिळू लागले. त्याच्या कळा वाटेल तशा पिळून या तरुणांनी कोणत्याही वाद्यातून न निघणारा आवाज काढला. वादकाची नक्कल करण्यासाठी निघालेले यंत्र नक्कल करीनासे झाले, ही खरी नवनिर्मिती!

याच यंत्रांवर १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. ती तबकडी विस्मरणात गेली. २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा जगाला तिचा पत्ता लागला. एकट्याच्या प्रतिभेने परंपरा उभी राहत नाही. तिला एकत्र जमणारी माणसे लागतात, आणि जागा लागते.

बर्लिनला ती जागा मिळाली. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत पडली. शहराच्या पूर्व भागातील कित्येक इमारतींचा धनी कोण, हेच ठाऊक नव्हते. १९९१ साली वेर्टहाइम या जुन्या व्यापारी भांडाराच्या तळघरातील तिजोरीत ट्रेझोर हा क्लब सुरू झाला आणि डेट्रॉइटच्या वादकांना तेथे हक्काचे व्यासपीठ मिळाले. बर्लिनची कामगिरी सुरांची कमी, आश्रयाची अधिक आहे. ती थोडी मानण्याचे कारण नाही. पण जमिनीला भाव आला आणि २००५ साली ते तळघर सोडावे लागले. ट्रेझोरने पुढे एका जुन्या वीजकेंद्रात बस्तान मांडले.

मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची राष्ट्रीय वारशाच्या सूचीत नोंद केली. त्याच वर्षाअखेर, वाढते भाडे व खर्च यांपुढे टिकाव न लागल्याने, श्प्रे नदीकाठचा २२ वर्षांचा वॉटरगेट क्लब बंद झाला.