पडद्यामागची तार

मोटारीच्या डॅशबोर्डातील मूळचा साधा रेडिओ काढून त्या जागी मोठा स्पर्शपडदा बसवून घेण्याची हौस आजकाल गोमंतकात सर्वत्र दिसते. म्हापसा, फोंडा, मडगाव येथील दुकानांत हे काम दोन-तीन तासांत उरकते. आमच्या शाळेतून बाहेर पडलेले काही विद्यार्थी याच धंद्यावर पोट भरतात, आणि आजचे विद्यार्थी असाच पडदा हवा म्हणून वडिलांपाशी हट्ट धरतात. तेव्हा या विषयावर वार्षिकाच्या पानांत दोन शब्द लिहिले, तर ते अस्थानी ठरू नयेत.

पडद्याशी आमचे वैर नाही. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीतला रेडिओ विक्रीस आणला. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरा गाडीत तर कारखान्यातूनच स्पर्शपडदा बसून आला. सोयी वाढतच जाणार, आणि त्या वाढाव्यात. अनोळखी गावी नकाशा वाट दाखवितो; आमच्या वाड्यांतील अरुंद वाटांवर गाडी मागे घेताना पाठीमागचा कॅमेरा एखाद्या लहानग्याचा जीव वाचवू शकतो. प्रश्न पडदा असावा की नसावा हा नसून, तो कसा बसविला जातो हा आहे.

पांढरपेशा समाज हे काम अल्पशिक्षितांचे समजतो. वस्तुतः त्यात शास्त्र आहे आणि शिस्तही आहे. रेडिओच्या खाचेचे १८० मिलिमीटर रुंदी व ५० मिलिमीटर उंची हे माप जर्मन मानकसंस्थेने ठरविले. तिच्या आद्याक्षरांवरूनच कारागीर त्या खाचेस ‘डिन’ म्हणतात, आणि दुप्पट उंचीच्या खाचेस ‘डबल डिन’. तारांचे रंगही बहुधा ठरलेले असतात. पिवळी तार बॅटरीकडून अखंड १२ व्होल्टचा पुरवठा आणते. तांबडी किल्ली फिरविल्यावरच जिवंत होते. काळी गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडावयाची. पांढऱ्या, करड्या, हिरव्या व जांभळ्या तारांच्या जोड्या चार स्पीकरांकडे जातात. आळसाने तांबडी तार पिवळीलाच जोडली, तर किल्ली काढल्यावरही पडदा जागा राहू शकतो आणि बॅटरी उतरते.

चांगला कारागीर प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवितो. गाडीच्या मूळ तारा न कापता त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरतो, योग्य क्षमतेचा फ्यूज घालतो, आणि नवी तार काचेलगतच्या खांबातून नेताना ती एअरबॅगच्या वाटेत येऊ देत नाही. घाईचा कारागीर तारा कापतो, पिळतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. आमच्या दमट, खाऱ्या हवेत ती पट्टी कालांतराने सुटते, तांब्यावर हिरवट थर चढतो, सैल सांधा तापू लागतो, आणि प्रसंगी गाडीस आग लागण्यापर्यंत मजल जाते. पडदा बसविला त्या दिवशी मात्र दोन्ही कामे बाहेरून सारखीच दिसतात.

या साऱ्या तारांत एक बारीकशी तार अशी आहे की, तिच्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली. पुष्कळ यंत्रांत ती फिकट हिरव्या रंगाची असते, आणि हँडब्रेकच्या स्विचशी जोडावयाची असते. हँडब्रेक ओढला की तो स्विच त्या तारेचा संबंध गाडीच्या सांगाड्याशी जोडतो. त्यावरून गाडी उभी असल्याचे पडद्यास कळते व तो चित्रपट दाखवू लागतो. हँडब्रेक सोडला की चित्र बंद होते. किती साधी आणि शहाणपणाची ही योजना! परंतु अनेकदा ती तार हँडब्रेकपर्यंत नेलीच जात नाही. काळ्या तारेबरोबर बांधून टाकली जाते. मग हँडब्रेक सदैव ओढलेलाच आहे अशी पडद्याची समजूत होते, आणि गाडी धावत असतानाही चित्रपट चालू राहतो. काही यंत्रांत तर तारेचीही गरज नाही. पडद्यावरील एक खूण बदलली की काम झाले. आमच्या मते हे यंत्राशी केलेले असत्य भाषण होय, आणि त्याची किंमत रस्त्यावरून चालणाऱ्या तिऱ्हाइताला मोजावी लागते.

थोडे गणित करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदास सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाची दृष्टी दोनच सेकंद पडद्याकडे वळली, तर सुमारे ३३ मीटर रस्ता ती गाडी जणू डोळे मिटून जाते. शाळेसमोर एवढ्या वेगाने कोण जातो, असे कोणी म्हणेल. ताशी ४० चा वेग धरला तरी दोन सेकंदांत २२ मीटर होतात. शाळा सुटल्यावर फाटकापुढील तेवढ्या रस्त्यात किती मुले असतात, ते विद्यार्थ्यांनी स्वतःच मोजावे.

“गिऱ्हाईकच तसे मागते, आम्ही काय करणार?” असे कारागीर म्हणतात. त्यांची अडचण खोटी नाही. एकाने नकार दिला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सारा दोष एकट्या कारागिरावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मागणारा आहे म्हणून देणारा आहे, आणि मागणारे तर आपल्यासारखेच सुशिक्षित गृहस्थ असतात. लांबच्या प्रवासात मुले कंटाळतात, हे त्यांचे समर्थन. पण मागे बसणाऱ्यांसाठी पुढच्या आसनाच्या पाठीवर निराळा पडदा लावता येतो. चालकाच्या नजरेसमोर हलते चित्र ठेवण्याचे त्यामुळे काहीच कारण उरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, विद्युत्प्रवाहाचा धडा तुम्ही गुणांसाठी पाठ करता. त्याचा खरा उपयोग येथे आहे. तुमच्यापैकी जे उद्या या धंद्यात जातील, त्यांनी पडद्याच्या चकाकीपेक्षा त्यामागच्या सांध्यांचा अभिमान बाळगावा, कारण ते काम पुन्हा कोणी उघडून पाहणार नसते. इतरांनी निदान एवढे करावे. वडील गाडी घेऊन त्या दुकानात जातील तेव्हा बरोबर जावे, आणि पडद्याचे इंच मोजण्यापूर्वी कारागिरास नम्रपणे सांगावे: “मामा, ती फिकट हिरवी तार हँडब्रेकलाच जोडा.”