केसकरांना हसण्याआधी (थ्रेड)

रेडिओच्या इतिहासाविषयी लिहायचे म्हटले की बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचा किस्सा हमखास निघतो. १९५२ ते १९६२ या काळातील हे नभोवाणीमंत्री अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घरोघरी पोहोचली आणि १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. आपण हसतो आणि पुढे जातो. माझी तक्रार या हसण्याविषयी आहे.

आधी किस्सा थोडा दुरुस्त करू. हार्मोनियमबंदीचे पापही केसकरांच्याच माथी मारले जाते. ती १९४० साली, इंग्रजी अमदानीत आली. (त्यांनी ती उठवली नाही, हेही खरे.) चित्रपटगीतांच्या बाबतीतही केवळ मंत्र्याचा हुकूम कारणीभूत नव्हता. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, असे आकाशवाणीने ठरवले. निर्मात्यांनी चिडून प्रसारणाचे परवाने काढून घेतले. शिवाय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम याच मंत्र्यांच्या काळातला, आणि १९५५ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' घुमू लागले तेही याच काळात. माणूस अरसिक नव्हता. श्रोत्याने काय ऐकावे हे श्रोत्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, ही खात्री हा त्यांचा दोष होता.

ती खात्री त्यांच्याबरोबर गेली काय? १९७६ साली, आणीबाणीत, सरकारच्या प्रचाराला हातभार लावण्यास किशोरकुमारांनी नकार दिला आणि त्यांची गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. तेथे तर अभिरुचीचे निमित्तही नव्हते.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००१ पासून खासगी एफएम आले. गाण्यांची मुभा मिळाली, स्वतःच्या बातम्यांची आणि चालू घडामोडींची नाही. २०११ च्या धोरणाने औदार्य दाखवले ते असे: आकाशवाणीचे बातमीपत्र ऐकवा, पण जसेच्या तसे. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल चालतील. त्याच शहरात वृत्तपत्रे महापालिकेवर अग्रलेख लिहितात, दूरचित्रवाहिन्या अहोरात्र ओरडतात. धोका तेवढा रेडिओच्या माइकलाच!

२००६ च्या धोरणातून उभ्या राहिलेल्या सामुदायिक रेडिओलाही हाच लगाम. म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' दुष्काळी माण तालुक्यात बोलते. तेथे पाणी ही चालू घडामोड नाही, तर दुसरे काय आहे?

आणि मग आपण सुशिक्षित मंडळी नाक मुरडतो की एफएमवर निव्वळ बडबड असते, लोकांनाच तेच हवे असते. हे केसकरांचेच वाक्य, फक्त ते आता आपल्या तोंडी आहे. नट आला तर त्याच्या आवडत्या पदार्थाविषयी विचारा, त्याच्या चित्रपटाभोवती पेटलेल्या राजकारणाविषयी नको, अशा नियमांत गप्पा उथळ होणार नाहीत तर काय होईल? १९५२ च्या श्रोत्याला निदान सिलोन होते. आपल्या गावच्या नगरपालिकेवरील चर्चा कोणत्या सिलोनवरून ऐकायची?

२०२३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी एफएमला बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. किती वेळ? तासाला दहा मिनिटे.