बारा गुण आणि परवाना

मुलाचे गुण वाढले की आपल्याकडे घरात पेढे येतात. ब्रिटनमधल्या वाहनचालकाचे गुण वाढले की त्याची झोप उडते. वेगमर्यादा मोडली तर १०० पौंड दंड आणि ३ गुण, गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर २०१७ पासून ६. तीन वर्षांत १२ भरले की कोर्टापुढे उभं राहायचं आणि बहुधा निदान सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. परवाना मिळून दोन वर्षंही झाली नसतील, तर सहातच खेळ खलास. पुन्हा शिकाऊ परवान्यापासून श्रीगणेशा!

माझा मावसभाऊ तिकडे लेस्टरला असतो. कॅमेऱ्यात सापडला तेव्हा १०० पौंड तो आठवड्यात विसरला. ते तीन गुण मात्र कॅलेंडरवर मोजत बसला होता.

पैशाचा दंड खिशाप्रमाणे हलका-जड होतो. गुणांना खिसा नाही. मंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या ख्रिस ह्यून यांचंच पाहा ना. २००३ साली त्यांची गाडी वेगात सापडली. परवाना जाऊ नये म्हणून पत्नी विकी प्राइस यांनी ते गुण स्वतःच्या नावावर घेतले. (गंमत म्हणजे त्याच वर्षी मोबाइलपायी ह्यून यांचा परवाना गेलाच.) पुढे संसार मोडला, बिंग फुटलं, २०१२ मध्ये मंत्रिपद गेलं आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. नुसता दंड असता तर हे लफडं कुणी कशाला केलं असतं?

म्हणून मी गुणांच्या बाजूचा आहे. डोळे मिटून नव्हे. दिवसाचे बारा तास रस्त्यावर असणाऱ्या टॅक्सीवाल्याचे गुण लवकर भरणार, रविवारी फिरायला निघणाऱ्याचे उशिरा, आणि परवाना गेला की टॅक्सीवाल्याची चूलच विझणार. तिथल्या कोर्टात असामान्य हालअपेष्टांची सबब सांगता येते, ती मान्यही होते. पण चांगला वकील कुणाला परवडतो, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे २०१९ च्या कायदा दुरुस्तीनं दंडाचे आकडे भरपूर वाढवले. ते थकतात, मग लोक अदालतीत तडजोड होते. गुणांची पद्धत आणायची तर आधी चालवत कोण होतं, ते शोधावं लागेल. ब्रिटनमध्ये पत्र येतं मालकाला. चालकाचं नाव २८ दिवसांत कळवलं नाही, तर त्याबद्दल मालकालाच ६ गुण बसू शकतात. आपल्याकडे कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि मेसेज मालकाला जातो. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी पाच वर्षांत स्कूटरची किल्लीही फिरवलेली नाही. ती नातू नेतो. यंदा आजोबांच्या मोबाइलवर सहा चलानं आली आहेत.