कॅराव्हॅन भाड्यानं मिळते, पण धरणाकाठी ती रात्री लावायची कुठं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की इन्स्टावर एक रील हमखास फिरायला लागतं. पवनेच्या नाहीतर भंडारदऱ्याच्या पाण्याला लागून एक पांढरी गाडी उभी, बाजूला छत ओढलेलं, छताखाली फोल्डिंगच्या खुर्च्या, पोरं बॅडमिंटन खेळतायत आणि आई छोट्या ओट्यावर चहा टाकतेय. खाली कमेंटमध्ये सगळी भावंडं एकमेकांना टॅग करतात, "या वेळी हेच करू."

करायला हरकत काहीच नाही. अमेरिकेत ज्याला आरव्ही म्हणतात, तशी कॅराव्हॅन आता पुण्या-मुंबईत भाड्यानं मिळते. बऱ्याचदा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली असते. आत बेड, ओटा, फ्रीज, टॉयलेट, एसी. आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल तर तंबूपेक्षा हे कधीही बरं, कारण रात्री उठायचं झालं तर टॉर्च घेऊन चिखल तुडवावा लागत नाही.

घोडं अडतं ते दुसरीकडंच. रात्री ही गाडी लावायची कुठं, वीज कुठून घ्यायची आणि टॉयलेटची टाकी रिकामी कुठं करायची? रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

धोरण तर आहे, मग अडलंय कुठं?

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे कॅराव्हॅन, ती गाडी. दुसरी म्हणजे कॅराव्हॅन पार्क, ती गाडी मुक्कामाला लावण्याची जागा. पार्कमध्ये पाणी, वीज, पार्किंग अशा सोयी असाव्यात आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, असा एकूण बेत. त्याच वर्षी केरळनंही 'केरवान केरळ' नावानं असंच धोरण जाहीर केलं आणि २०२२ मध्ये वागमोनला त्यांचं पहिलं पार्क सुरूही झालं.

यातला गाडीचा भाग सोपा होता. पैसे घातले की गाडी उभी राहते. जागेचं तसं नाही. त्यातही पाण्याच्या काठावरची जागा म्हणजे आपल्याकडं सगळ्यात गुंतागुंतीची. ती तशी का आहे हे समजून घेतलं तर तुमच्या ट्रिपचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

आपण ज्याला लेक म्हणतो ते धरण असतं

सह्याद्रीतलं जवळपास प्रत्येक मोठं 'लेक' माणसानं अडवलेलं पाणी आहे. पवना लेक म्हणजे पवना धरण, साडेआठ टीएमसीचं. भंडारदऱ्याचं आर्थर लेक म्हणजे ब्रिटिशांनी प्रवरेवर बांधलेलं विल्सन डॅम, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं, क्षमता ११ टीएमसी. तापोळ्याला लोक ज्याला मिनी काश्मीर म्हणतात ते कोयनेच्या १०५ टीएमसीचं शेपूट. मुळशी टाटांचं.

धरण म्हटलं की पाण्याची रेषा एका जागी राहत नाही. ऑक्टोबरमध्ये पाणी काठोकाठ असतं. मे महिन्यात तेच पाणी कितीतरी लांब सरकतं आणि मध्ये उघडी पडते ती गाळाची जमीन. वरून वाळलेली, भेगा पडलेली, आतून मऊ. साडेतीन-चार टनांची गाडी 'अजून थोडं पुढं घे, फोटो मस्त येईल' म्हणत तिथं उतरवली की मागची चाकं बसलीच म्हणून समजा. मग गावातला ट्रॅक्टर शोधायचा आणि तो म्हणेल ते पैसे द्यायचे.

पाण्याखाली काय आहे हेही लक्षात घ्या. तो समुद्रकिनारा नाही, बुडालेला डोंगरउतार आहे. चार पावलं गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला तळच नाही, असं होऊ शकतं. चांगलं पोहणारी पोरंही अशा ठिकाणी फसतात. मुलं सोबत असतील तर लाइफ जॅकेट घरून न्या. त्याला हॉटेलच्या एका जेवणाएवढाही खर्च येत नाही.

आता जमिनीचं. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपर्यंतची जमीन जलसंपदा खात्यानं संपादित केलेली असते. म्हणजे पाण्याला अगदी चिकटून गाडी लावली, तर ती बहुतेक सरकारी जागेत उभी आहे. पवनेच्या काठावर अतिक्रमणांच्या नोटिसा निघाल्याच्या बातम्या वर्षाआड येतात त्या यामुळंच. 'लेक टच' अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, जागा मालकीची आहे की पाणी उतरल्यावर उघडी पडलेली?

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पवनेबद्दल बोलूच नये. या धरणानं १२०३ खातेदारांच्या जमिनी घेतल्या. त्यातल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली. उरलेल्या ८६३ खातेदारांचा प्रश्न पन्नास वर्षं लोंबकळत राहिला. आज तुम्हाला तंबू लावून देणारा, बार्बेक्यूची शेगडी पेटवून देणारा आणि सकाळी मिसळ आणून देणारा पोरगा बऱ्याचदा याच घरांतला असतो. सरकारी जमिनीवर धंदा चालतो हे खरं. ती जमीन आधी कुणाची होती, हेही खरं.

टाकीचं पाणी कुठं जातं?

कॅराव्हॅनमध्ये साधारण तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक टॉयलेटची. परदेशात सोयीच्या कॅम्पग्राउंडमध्ये टाकी रिकामी करायला पक्की जागा असते, पाइप जोडला की काम झालं. आपल्याकडं ही सोय शोधावी लागते. रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपावर टॉयलेट असतं, पण तिथं तुमची टाकी ओतू देतील असं समजू नका.

मग होतं काय? रात्रीच्या अंधारात झाकण उघडून टाकी उतारावर सोडून दिली जाते. उतार कुठं जातो? धरणात. पवनेच्या बाबतीत ते पाणी नदीनं खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळाला. हे तेच शहर, जिथं नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय. तेच पवनेचं पाणी बंद पाइपमधून शहराला न्यायच्या योजनेवरून ऑगस्ट २०११ मध्ये मावळात आंदोलन पेटलं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. इतक्या भांडणाच्या पाण्यात चिंचवडच्याच एखाद्या कुटुंबानं वीकेंडला येऊन टाकी सोडायची, यापेक्षा मोठा विनोद काय असेल?

उपाय साधे आहेत. टॉयलेटची टाकी फक्त रात्रीपुरती वापरायची, दिवसा मुक्कामाच्या ठिकाणचं स्वच्छतागृह. भांडी गाडीत घासायचीच नाहीत, कागदानं पुसून डब्यात भरायची आणि घरी आणायची. आंघोळीचा तर हिशोबच करा. चांगल्या पाण्याची टाकी १०० लिटरची धरली आणि चार जणांना एकेक बादली दिली तरी ६०-७० लिटर सकाळीच संपतात. गाडी परत देताना टाकी कोण रिकामी करणार आणि कुठं, हे भाडं ठरवतानाच विचारा. समोरचा माणूस या प्रश्नावर अडखळला तर दुसरी गाडी बघा.

एसी रात्रभर चालेल का?

नाही. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात वीज असते १.८ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे दोन तासांच्या आत खेळ खल्लास. त्यामुळं मुक्कामाच्या जागी १५ अँपिअरचा चांगल्या अर्थिंगचा पॉइंट हवाच. तो नसेल तर एसी विसरा आणि डिसेंबर-जानेवारीत जा, मावळात तेव्हा एसीची आठवणही येत नाही.

पॉइंट नाही म्हणून जनरेटर लावणारे असतात. इथं मात्र थांबा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. गाडीचे दरवाजे बंद, एसी चालू. तपासात कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड, जनरेटरचा धूर गाडीत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. म्हणून रात्री जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घ्यायची नाही. गाडीत या वायूचा अलार्म आहे का ते विचारा. नसेल तर स्वतः विकत घेऊन न्या.

समजा भंडारदऱ्याला जायचंय

पहिल्यांदा कॅराव्हॅन घेणाऱ्यांनी पवनेपेक्षा भंडारदरा निवडावं असं आम्हाला वाटतं. याला कारण रस्ता. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळं मुंबई-ठाणेकरांना कसारा घाट चढावा लागत नाही. उंच, जड गाडी घेऊन घाटात ट्रकांच्या मागं रांगत जाणं किती वैतागाचं असतं, ते एकदा केलेल्यालाच कळतं. इगतपुरीला उतरून घोटी आणि तिथून शेंडी. पुण्याहून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. पवनेला मात्र शेवटच्या टप्प्यात अरुंद रस्ते, वळणं आणि शनिवारी लोणावळ्याची गर्दी, असं तिन्ही एकदम वाट्याला येतं.

शेंडीला धरणाकाठी एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. आधी फोन करून कॅराव्हॅन आत लावू देतील का, वीज मिळेल का आणि पैसे किती, हे विचारून घ्या. शक्यतो एक खोलीही बुक करा. खर्च वाढतो, पण आजी-आजोबांना रात्री आडवं व्हायला जागा मिळते आणि सगळ्यांच्या आंघोळीचा प्रश्न सुटतो. शुद्ध कॅराव्हॅनवाले याला फसवणूक म्हणतील. म्हणू द्या.

मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा धरणाला वळसा घालणारा रस्ता आहे. देखणा आहे, पण काही ठिकाणी समोरून एसटी आली तर कुणाला तरी मागं जावं लागतं. कॅराव्हॅन शेंडीतच ठेवा आणि गावातली जीप करा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा असं सगळं एका दिवसात होतं आणि जीपवाल्यालाही चार पैसे मिळतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, त्यामुळं वाटेत कुठंही गाडी लावून मुक्काम ठोकता येत नाही. मे अखेर ते जूनमध्ये काजव्यांसाठी जाणार असाल तर वनविभागानं ठरवून दिलेल्या वेळा पाळा. काजवे उजेडानंच एकमेकांना खुणावतात, त्यांच्यावर हेडलाइटचा झोत टाकला की तो संवादच तुटतो.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पावसाळी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईचे आदेश नेहमीचे झालेत. निघायच्या आदल्या दिवशी ते आदेश बघून घ्या, नाहीतर नाक्यावरून परत यावं लागतं.

गाडी घेताना नंबरप्लेट बघा

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्यानं देता येणारी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी. पांढरी पाटी म्हणजे खासगी, ती भाड्यानं देणं बेकायदेशीर. स्वस्तात मिळते म्हणून अशी गाडी घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

जुन्या ट्रॅव्हलरमध्ये गॅरेजवाल्याकडून बेड आणि गॅस बसवून घेतलेल्या गाड्याही फिरतात. कंपनीनं बनवलेल्या गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळं आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. लायसन्सची काळजी मात्र नको. ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला कारचंच लायसन्स चालतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं भाड्याच्या गाड्यांबाबतही तेच सांगितलं. तरी आमचं ऐकाल तर पहिल्या ट्रिपला ड्रायव्हर घ्या. मागं तीन पिढ्या बसलेल्या असताना नव्या गाडीच्या उंचीचा अंदाज घेत बसणं बरं नाही.

आता सरकारनं काय करायला हवं? पवनेच्या गावांमध्ये पार्किंगच्या दहा जागा, विजेचे पॉइंट आणि टॉयलेटच्या टाक्या ओतायला एक पक्की टाकी, जी महिन्यातून दोनदा उपसायची गाडी येऊन रिकामी करेल. एवढ्यावर एक कॅराव्हॅन पार्क उभं राहू शकतं. ते चालवायला द्यायचं असेल तर पहिला हक्क कुणाचा, हे ठरवायला नवी समिती नेमायची गरज नाही. ८६३ नावांची यादी सरकारकडं आधीपासून पडून आहे.