बधिर करायच्या इंजेक्शनचा उतारा दवाखान्यात आहे का?

जखम शिवताना जागा बधिर करायला लिग्नोकेन देतात. औषध चांगलंच; पण डोस जास्त झाला किंवा थेट शिरेत गेला तर कानात आवाज येतो, तोंडाला धातूची चव लागते, झटके येतात, क्वचित हृदय थांबतं. डॉक्टरांनी ही ॲलर्जी समजली की वेळ गेला.

उतारा आहे: 20 टक्के लिपिड इमल्शन, शिरेतून द्यायचं दुधासारखं पांढरं औषध. 1998 मध्ये उंदरांवर प्रयोग झाले. थांबलेलं हृदय त्यानं सुरू झालेल्या माणसाची नोंद 2006 ची. पण जिल्ह्याच्या दवाखान्यातली बाटली तालुक्यातल्या पेशंटच्या काय कामाची?

डोस वजनावर ठरतो. साध्या लिग्नोकेनची मर्यादा साधारण किलोमागे 3 मिलिग्रॅम; 50 किलोच्या बाईला 2 टक्क्यांचं साडेसात मिली. इंजेक्शनआधी वजन किती ठिकाणी विचारतात?