गणिताची भीती घरात रुजते

चाचणी परीक्षा जवळ आली की दवाखान्यात पोटदुखीची मुले वाढतात. पोट मऊ असते, ताप नसतो, जुलाब नसतात. पेपर मात्र बहुधा गणिताचा असतो. पालकांना हे ढोंग वाटते. पण भीतीने पोटात खरोखरच कळ येते. (झोपेतून उठवणारी पोटदुखी, वारंवार उलट्या किंवा वजन घटणे ही लक्षणे असतील तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे.)

भीतीचा परिणाम डोक्यावरही होतो. हातचा लक्षात ठेवून पुढची आकडेमोड करायची तर मन मोकळे लागते. ते धास्तीने भरले की पाठ असलेला सातचा पाढाही आठवत नाही. त्यात "एवढंही येत नाही?" म्हणून धपाटा बसला की पुढचे गणितही चुकलेच!

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी पहिली-दुसरीतल्या ४३८ मुलांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध केली. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करीत, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली व त्यांची भीतीही वाढली. असे पालक गृहपाठात फारसे पडत नसत, तेथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे तळमळ खरी असली तरी तिच्याबरोबर आपली भीतीही मुलाच्या पदरात पडते.

याउलट आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे उदाहरण पाहा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यातल्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. पुढे ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' जगभर गेला. प्रत्येक मूल कापरेकर होणार नाही, पण गोडी प्रत्येकाला लागू शकते.

पालकहो, धाक नको, तसे उत्तर आयते सांगण्याचे लाडही नकोत. रोज थोडा सराव हवाच. चुकले तर "कसं केलंस, सांग बघू" एवढेच विचारा. आपल्याला येत नसेल तर गुरुजींना विचारू द्या. "आमच्या घराण्यात कुणालाच गणित नव्हतं" हे मुलासमोर बोलू नका. शेजारच्या मुलाचे गुणही काढू नका.

आज रात्री जेवणानंतर एक खेळ खेळा. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. वजाबाकी मुलाला करू द्या, आणि चुकली तर हसत पुन्हा करा.