तीन चाकं म्हणजे पडणार नाही?

नोकरी पुण्या-मुंबईत, घर मालवणात, आणि घरी आईचे नाहीतर बाबांचे पाय नीट चालत नाहीत. माझ्या ओळखीत असे किमान सहा-सात जण निघतील. मग एका शुक्रवारी बोनस जमा होतो, चिरंजीव ब्राउझरमध्ये बारा टॅब उघडतात, एक्सेल शीट बनवतात (रेंज, स्पीड, किंमत, स्टार) आणि इलेक्ट्रिक ट्रायसिकल ऑर्डर करून मोकळे होतात. ज्याने तिच्यावर बसायचं त्याला कुणी विचारतच नाही. युजरशी न बोलता स्पेक लिहिणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये किती शिव्या घालतो? मग हे वेगळं काय आहे?

या खरेदीमागे एकच समजूत असते: तीन चाकं आहेत, म्हणजे पडणार नाही. उभी असताना नाही पडत, मान्य. पण सायकल वळताना आत कलते, तीनचाकीला कलता येत नाही. वळणावर माणसाचं सगळं वजन बाहेर फेकलं जातं. उंच सीट, मागे दोन चाकं, पुढे एक, अशी नेहमीची गाडी घ्या आणि गणित करा. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 13-14 किलोमीटरलाच आतलं चाक उचलायला लागतं. आणि आपण कौतुकाने घेतो ती 25 च्या स्पीडची! एका मित्राच्या वडिलांना डाव्या बाजूचा अर्धांगवायू होऊन गेलाय. ते म्हणाले, "माका खंय शर्यत लावची हा? बाजारात जावन मासळी हाडूची आसा, बस." याच्याइतकं स्वच्छ रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी उभ्या करिअरमध्ये वाचलेलं नाही.

त्या एका वाक्यातून अर्धी गाडी ठरते. डावा हात चालत नाही, म्हणजे दोन्ही ब्रेक उजव्या हाताच्या एकाच लिव्हरवर हवेत. चढावर थांबलं तर लिव्हर लॉक होऊन गाडी जागेवर उभी राहायला हवी. उजवा हात कमजोर असेल तर थ्रॉटल डावीकडे घ्यावं लागेल. गुडघा वाकत नसेल तर मधला दांडा खालीच हवा, आणि सीट इतकी बुटकी की पाय जमिनीला टेकतील. बाजारात मान वळवून मागे बघता येत नसेल तर आरसे लागतील, आणि रिव्हर्स गिअर ही चैन उरत नाही. यातला एकही रकाना त्या एक्सेलमध्ये नसतो.

मग रस्ता. देवबाग-तारकर्लीची पट्टी सपाट आहे, पण घरापर्यंतच्या वाटेत वाळू. बऱ्याच स्वस्त गाड्यांत मोटर मागच्या एकाच चाकाला जोर देते. ते चाक वाळूत फिरत बसतं. त्याउलट किनाऱ्यावरून वर कातळाकडे निघालात की चढ. 250 वॅटच्या आत आणि ताशी 25 च्या आत असलेल्या, नियमाप्रमाणे तपासणी झालेल्या गाडीला लायसन्स-रजिस्ट्रेशन लागत नाही, हे दुकानदार आवर्जून सांगतो. माणूस आणि गाडी मिळून 135 किलो, दहाला एक असा चढ, तर 250 वॅटमध्ये पाच-सहाचा वेग मिळतो, आणि इतक्या हळू फिरताना चाकातली मोटर तापते, हे तो सांगत नाही. अशा घराला गिअरमधून जोर देणारी मोटरच हवी. आणि घरचं फाटक? बहुतेक ट्रायसिकली मागून 70-80 सेंटिमीटर रुंद असतात. दोन गडग्यांमधली वाट आधी टेपने मोजा की राव!

सरकारचंही तेच, फक्त फॉर्म जास्त. केंद्राच्या एडिप योजनेत कानपूरच्या एलिम्कोची मोटरवाली ट्रायसिकल मिळते, पण ती 80 टक्के अपंगत्वाच्या अटीवर. गुडघे गेलेली, 45 टक्क्यांचं सर्टिफिकेट असलेली मावशी त्यात बसत नाही. 2017 च्या राष्ट्रीय वयोश्रीत काठी, वॉकर, व्हीलचेअर, अगदी कवळीसुद्धा आहे, ट्रायसिकल नाही. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्रीत एकदाच तीन हजार रुपये. त्यात फार तर एखादं चाक येईल. म्हणजे घराबाहेर पडायचा हक्क हवा तर आधी 80 टक्के निकामी व्हा! बरं, मापाने बनवणं काही अशक्य नाही. आयआयटी मद्रासमधून निघालेली नियोमोशन माणसाच्या मापाने व्हीलचेअर बनवते आणि तिला पुढून जोडायची मोटरही देते. बसून राहणाऱ्याला कधीकधी ट्रायसिकलपेक्षा तेच बरं. दुकानात गाडी बदलून दुसऱ्या खुर्चीत बसायला नको.

राहता राहिला खारा वारा आणि पाऊस. चेन, स्पोक, कनेक्टर, सगळं गंजणार. तौक्ते वादळात (मे 2021) कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा बॅटरी काढून शेजारच्या जनरेटरवर नेता येणं किती कामाचं, ते तिथल्या माणसाला विचारा. चाकं नेहमीच्या सायकलच्या मापाची घ्या, म्हणजे पंक्चर गावातच निघेल. आणि कंट्रोलर बिघडला तर उघडणार कोण, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. उत्तर "कुरिअरने पाठवा" असं आलं, तर समजा की जूनमध्ये बंद पडलेली गाडी गणपतीपर्यंत पडवीत उभी आहे, आणि मासळी पुन्हा शेजाऱ्यालाच आणायला सांगायचीय.